एका थेंबाचा माग काढत शिका: जमिनीवरच्या आणि समुद्रतळावरच्या तेल-वायू सुविधांचं अभियांत्रिकी

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर पी अँड आयडीचा जाडजूड गठ्ठा आला. पी अँड आयडी म्हणजे प्रकल्पातला प्रत्येक पाइप, व्हॉल्व्ह आणि मापक दाखवणारा नकाशा. तीन आठवडे मी त्यातली चिन्हं पाठ केली. मग एका दुपारी आमचे वरिष्ठ शेजारी येऊन बसले, एका व्हॉल्व्हवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "हा आत्ता बंद केला तर पुढच्या दहा मिनिटांत कुठे काय होईल, सांग." व्हॉल्व्हचा प्रकार, आकार, रेटिंग सगळं मला सांगता आलं. दहा मिनिटांत काय होईल ते मात्र सांगता आलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर देता येणं म्हणजेच फॅसिलिटीज इंजिनिअरिंग. विहिरीच्या तोंडातून जे मिश्रण बाहेर येतं त्यात तेल, गॅस, पाणी, वाळू, मीठ, कधी विषारी वायूही असतो. त्यातून विकण्याजोगं तेल आणि वाहून नेण्याजोगा गॅस तयार करणारी जी यंत्रणा, तिची रचना करायची, ती उभारायची आणि सुरक्षित चालवायची. या कामात मेकॅनिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल अशा सगळ्या शाखांची माणसं येतात आणि प्रत्येक जण आपापला तुकडा घेऊन येतो. बरेच अभ्यासक्रमही तुकड्यांनीच शिकवतात: सोमवारी सेपरेटर, मंगळवारी कॉम्प्रेसर, बुधवारी पाइपलाइन. शुक्रवारी प्रमाणपत्र मिळतं आणि तुकडे मात्र सुटे ते सुटेच राहतात. म्हणून इथे क्रम वेगळा घेतला आहे. एकाच थेंबाचा विहिरीपासून निर्यातीपर्यंत माग काढायचा आणि वाटेत जे भेटेल ते शिकायचं.

आधी एक ओळ आखा

मोठा कोरा कागद आडवा घ्या. डाव्या टोकाला विहीर, उजव्या टोकाला निर्यातीची पाइपलाइन किंवा टँकर. मधली स्थानकं क्रमाने मांडा. विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हांचा संच, ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात. मग दाब उतरवणारा चोक, मिश्रण वाहून नेणारा पाइप म्हणजे फ्लोलाइन, अनेक विहिरींचा प्रवाह एकत्र आणणारा मॅनिफोल्ड आणि तेल, गॅस, पाणी वेगळं करणारं भांडं म्हणजे पहिला सेपरेटर. तिथून वाट तीन ठिकाणी फुटते. तेल कमी-कमी दाबाच्या सेपरेटरांतून उतरत विद्युत क्षेत्रात पाण्याचे बारीक थेंब एकत्र आणणाऱ्या डीहायड्रेटरमध्ये आणि पुढे साठवणटाकीत जातं. गॅस कॉम्प्रेसरकडे, मग ट्रायइथिलीन ग्लायकॉलने वाळवण्याकडे, आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन डायऑक्साइड असेल तर ते शोषून घेणाऱ्या अमाइनच्या टॉवरकडे वळतो. पाणी हायड्रोसायक्लोन आणि फ्लोटेशन युनिटमधून साफ होऊन परत जमिनीखाली सोडलं जातं किंवा नियमांत बसेल इतकं तेलमुक्त करून बाहेर सोडलं जातं. या तिन्ही वाटांच्या आधाराला नको असलेला गॅस जाळणारा फ्लेअर, इंधन गॅस, व्हॉल्व्ह आणि मापकं चालवणारी दाबाखालची हवा म्हणजे इन्स्ट्रुमेंट एअर, अग्निशमनाचं पाणी आणि वीज.

आता प्रत्येक स्थानकाखाली तीन गोष्टी लिहा: दाब, तापमान, आणि तिथे मिश्रण कुठल्या अवस्थेत आहे. उजव्या टोकाला अटी लिहा. तेलात पाणी आणि गाळ मिळून साधारण ०.५ टक्क्याच्या आत. गॅसमध्ये पाण्याची वाफ दर दशलक्ष घनफुटाला ७ पाउंड, म्हणजे घनमीटरला सुमारे ११२ मिलिग्रॅम. बऱ्याच पाइपलाइन करारांत हाच आकडा दिसतो. या अटींपासून उलटं चालत आलात की मधलं प्रत्येक यंत्र तिथे का आहे ते उमगतं. ज्याचं कारण सांगता येत नाही, त्या यंत्राभोवती लाल वर्तुळ काढा. तुमचा पुढचा अभ्यासक्रम त्या वर्तुळांत आहे.

या ओळीवरचं एकच ठिकाण नीट पाहू. गॅसची विहीर आहे, चोकच्या आधी १०० बार आणि ४५ अंश सेल्सिअस, चोकनंतर ४० बार. व्हॉल्व्हमधून दाब उतरताना नैसर्गिक वायू थंड होतो, ढोबळमानाने दर बारला अर्धा अंश. म्हणजे ६० बारच्या उतारात ३० अंश गेले आणि चोकच्या पुढे १५ अंश उरले. ४० बारला ओला गॅस या तापमानाला हायड्रेट, म्हणजे पाणी आणि वायू मिळून होणारा बर्फासारखा घट्ट पदार्थ, तयार होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असतो. आता हीच विहीर दोन दिवस बंद राहिली आणि वरचा गॅस २० अंशांपर्यंत निवला असं समजा. सुरू करताना चोकपुढे उणे १० अंश मिळतात. पाइपचं पोलाद किती थंडी सोसू शकतं, हायड्रेट रोखणाऱ्या मिथेनॉलचा नळ कुठे जोडायचा, तापमानाचा अलार्म कितीवर ठेवायचा, हे सगळं या दुसऱ्या हिशेबावरून ठरतं. रोजच्या चालू स्थितीवर डिझाइन करून मोकळं होणं ही नवख्यांची सर्वांत महाग चूक. सुरू करणं, बंद करणं, अचानक दाब सोडणं: प्रत्येक स्थानकाखाली या तिन्हींच्या ओळी वेगळ्या लिहायला हव्यात.

एककं पक्की करा

कंटाळवाणं वाटेल, पण हे दोन दिवस टाळू नका. या धंद्यात एम म्हणजे हजार आणि एमएम म्हणजे दशलक्ष, त्यामुळे इतर क्षेत्रांतून आलेला माणूस पहिल्याच पानावर हजारपटीने चुकू शकतो. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, एक बार म्हणजे १४.५ पीएसआय. गॅसचा प्रमाण घनमीटर १५ अंशांना मोजतात आणि नॉर्मल घनमीटर शून्य अंशाला. दोन्हींत साडेपाच टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. कॉम्प्रेसरच्या निवडीत तेवढा फरक चांगलाच महागात पडतो. आणि दाब लिहिताना तो गेज (हवेच्या दाबाच्या वर मोजलेला) आहे की निरपेक्ष (शून्यापासून मोजलेला), हे लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही.

सेपरेटर हाताने मोजा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक सेपरेटर कागद-पेन्सिलीवर मोजून काढा. मी शिकवायला बसतो तेव्हा इथे पूर्ण दिवस घालवतो, कारण या एका भांड्यात अर्धं शास्त्र सामावलेलं आहे.

समजा दिवसाला १६०० घनमीटर तेल, ८०० घनमीटर पाणी आणि २ लाख ८० हजार प्रमाण घनमीटर गॅस येतो. सेपरेटर आडवा, तीन अवस्था वेगळ्या करणारा, २० बार निरपेक्ष दाब, ५० अंश तापमान.

पहिला प्रश्न द्रवाचा. तेलातून पाणी आणि गॅसचे बुडबुडे सुटायला वेळ द्यावा लागतो, त्याला रिटेन्शन टाइम म्हणतात. हलक्या तेलासाठी तीन मिनिटं धरू. तेल मिनिटाला १.११ घनमीटर, म्हणजे तीन मिनिटांचं ३.३३. पाणी मिनिटाला ०.५६, तीन मिनिटांचं १.६७. एकूण द्रव ५ घनमीटर. भांडं निम्मं भरलेलं ठेवायचं, म्हणजे १० घनमीटरचं भांडं. लांबी व्यासाच्या साडेतीन पट घेतली तर व्यास सुमारे १.५४ मीटर आणि लांबी ५.४ मीटर निघते.

दुसरा प्रश्न गॅसचा. गॅस फार वेगाने गेला तर तेलाचे थेंब सोबत ओढून नेतो आणि ते कॉम्प्रेसरमध्ये घुसतात. गॅसचा कमाल वेग साउडर्स-ब्राउनच्या सूत्राने काढतात: द्रव आणि गॅस यांच्या घनतेतला फरक भागिले गॅसची घनता, त्याचं वर्गमूळ, गुणिले एक स्थिरांक. तारेची जाळी बसवलेली असेल तर स्थिरांक सेकंदाला ०.१०७ मीटर धरता येतो. इथे तेलाची घनता ८२० आणि गॅसची सुमारे १५.७ किलो प्रति घनमीटर धरली, तर कमाल वेग सेकंदाला ०.७७ मीटरच्या आसपास येतो. या दाबाला आणि तापमानाला गॅसचा प्रत्यक्ष प्रवाह सेकंदाला ०.१७५ घनमीटर. म्हणजे हवं असलेलं क्षेत्रफळ ०.२३ चौरस मीटर. आपल्या भांड्याच्या वरच्या अर्ध्या भागात ०.९३ चौरस मीटर जागा आहे. चौपट!

म्हणजे या भांड्याचा आकार गॅस ठरवत नाही, द्रव ठरवतो. हे एकदा हाताने निघालं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. पाच वर्षांनी विहिरीतलं पाणी दुप्पट झालं तर? दाब २० वरून १० बारवर आणला तर गॅसचा प्रवाह किती फुगेल? लांब फ्लोलाइनमधून द्रवाचा मोठा गोळा, म्हणजे स्लग, एका दमात आला तर तो मावेल कुठे? उत्तरं पुन्हा हातानेच काढा. मग सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उघडा आणि तेच आकडे त्यात येतात का ते पाहा. आले नाहीत तर आधी स्वतःचा कागद तपासा, मग सॉफ्टवेअरमध्ये भरलेली माहिती. निदान माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा भरलेल्या माहितीत सापडते.

याच पद्धतीने आणखी तीन गणितं करून ठेवा: एका पाइपमधला दाबउतार, एका कॉम्प्रेसर टप्प्याचं बाहेर पडणारं तापमान, आणि एका सेफ्टी व्हॉल्व्हचं आकारमान. मिश्र प्रवाहाच्या पाइपसाठी एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, या संस्थेच्या आरपी १४ई मधलं झीज-वेगाचं सूत्र वापरतात. ते ढोबळ आहे. वाळू असेल तर त्यावर विसंबू नका.

नकाशा घेऊन पाइपलगत चाला

संधी मिळाली की पी अँड आयडीची छापील प्रत, पिवळा मार्कर आणि टॉर्च घेऊन चालू प्रकल्पात किंवा फॅब्रिकेशन यार्डात जा. एक लाइन निवडा. सुरुवातीच्या नोझलपासून शेवटापर्यंत हाताने दाखवत चाला आणि पाहिलेलं पिवळं करत जा. व्हॉल्व्हवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने आहे का? ड्रेन सर्वांत खालच्या बिंदूला आहे का? मापकाची तबकडी उभ्या माणसाला दिसते का? व्हॉल्व्हच्या चाकापर्यंत हात पोचतो का, की शिडी लागेल?

एका यार्डात मला सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाहेर पडणाऱ्या पाइपला जेमतेम वीतभर खोल झोल सापडला. नकाशावर स्वच्छ लिहिलं होतं की हा पाइप फ्लेअर हेडरकडे उतरता हवा, मधे कुठेही द्रव साचेल असा खड्डा नको. पाइप बसवताना आड एक तुळई आली, म्हणून फिटरने तिच्याखालून वळसा दिला. तिन्ही मितींच्या मॉडेलमध्ये ती तुळई थोडी वर होती. त्या झोलात द्रव साठला असता तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी त्याच्यावर उलट दाब आला असता, आणि सुटलेल्या गॅसने तो द्रव गोळीसारखा पुढे फेकला असता. टेबलावर बसून हे कधीच दिसलं नसतं. तो पाइपाचा तुकडा कापून नव्याने बसवायला दोन दिवस लागले.

जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या प्रकल्पांतला फरकही असं चालतानाच अंगात मुरतो. जमिनीवर जागा असते, म्हणून सुरक्षेचा पहिला उपाय अंतर हाच: टाकी दूर, फ्लेअर दूर, टाकीभोवती बांध. प्लॅटफॉर्मवर एकावर एक डेक असतात आणि प्रत्येक टनाचा हिशेब द्यावा लागतो. जिथे अंतर मिळत नाही तिथे भिंती, शोधक यंत्रं आणि झटपट बंद होणारे व्हॉल्व्ह ते काम करतात.

अपघातांचे अहवाल वाचा

सुरक्षेचा धडा कोर्सच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. तो इथेच, रचना शिकतानाच घ्या.

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर कंडेन्सेटचा, म्हणजे गॅसमधून निघणाऱ्या हलक्या द्रवाचा, एक पंप बंद पडला. जोडीच्या दुसऱ्या पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी नुसती झाकणफ्लँज लावलेली होती. रात्रपाळीच्या माणसांपर्यंत ही माहिती पोचली नव्हती. त्या पंपावरच्या दोन कामांचे परवाने वेगवेगळ्या जागी होते. त्यांनी तो पंप सुरू केला, कंडेन्सेट गळलं आणि स्फोट झाला. तिथल्या भिंती आग अडवण्यासाठी होत्या, स्फोट अडवण्यासाठी नव्हत्या. शेजारच्या प्लॅटफॉर्मना जोडणारे गॅसचे रायझर, म्हणजे समुद्रतळावरून वर येणारे पाइप, फुटले आणि आगीला इंधन मिळत राहिलं. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. रायझरवर आणीबाणीचा बंद-व्हॉल्व्ह कुठे असावा, कामाचा परवाना कसा लिहावा, स्फोट सोसणारी भिंत कुठे लागते, या आजच्या नियमांमागे ती रात्र आहे.

दुसरी घटना जमिनीवरची. २५ सप्टेंबर १९९८, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्डचा गॅस प्रकल्प. गरम तेल फिरवणारे पंप थांबले आणि एक हीट एक्स्चेंजर उणे ४८ अंशांच्या आसपास गारठला. पोलाद काचेसारखं ठिसूळ झालं. त्यात पुन्हा गरम तेल सोडलं गेलं आणि ते भांडं फुटलं. दोघांचा मृत्यू झाला, आठ जण जखमी झाले, आणि सुमारे दोन आठवडे राज्याचा गॅसपुरवठा ठप्प राहिला. त्या प्रकल्पाचं हॅझॉप, म्हणजे धोक्यांची पद्धतशीर तपासणी, कधी झालंच नव्हतं. वर चोकच्या उदाहरणात उणे १० अंशांचा जो हिशेब केला, तो गांभीर्याने घ्यायचा तो यासाठी.

हॅझॉप म्हणजे पी अँड आयडीच्या प्रत्येक तुकड्याला ठरलेले शब्द लावून प्रश्न विचारणं: प्रवाह नाही, जास्त, कमी, उलटा, दाब जास्त, तापमान कमी. हॅझॉपच्या बैठकीत लेखनिक म्हणून बसायची संधी मिळाली तर आनंदाने घ्या. नोंदी करणारं काम कमी दर्जाचं समजून पुष्कळ जण ते टाळतात, पण ऑपरेशन्सचा वीस वर्षांचा अनुभवी माणूस कुठे भुवया उंचावतो ते पाहायला त्याहून चांगली जागा नाही. सोबत एपीआय १४सी वाचा. प्रत्येक यंत्राला दाब, पातळी, गळती यांविरुद्ध दोन स्वतंत्र संरक्षणं कशी द्यायची, हे त्यात तक्त्यांनी दाखवलेलं आहे. मग दाब सुरक्षित सोडण्याबद्दलचं एपीआय ५२१. मोठी आग लागली तर भांड्यातला दाब पंधरा मिनिटांत डिझाइन दाबाच्या निम्म्यावर किंवा ६.९ बारवर आणायचा, ही ओळखीची अट तिथली.

धातूची निवड

इथे एकच गणित देतो, पण ते तोंडपाठ असावं. हायड्रोजन सल्फाइडमुळे पोलादाला तडे जातात, तेही आधी कुठलीही खूण न दाखवता. आयएसओ १५१५६ या मानकानुसार त्या वायूचा आंशिक दाब ०.३ किलोपास्कल किंवा जास्त असेल तर धातू निवडताना तो विचारात घ्यावाच लागतो. गॅसमध्ये फक्त ३० पीपीएम (दशलक्ष भागांत ३०) हायड्रोजन सल्फाइड आहे म्हणून कुणी निश्चिंत असेल, तर १०० बारला, म्हणजे १०,००० किलोपास्कलला, त्याचा आंशिक दाब बरोबर ०.३ निघतो. २०० बारला १५ पीपीएमच पुरे. नुसता पीपीएमचा आकडा काहीच सांगत नाही, त्याला दाबाने गुणावं लागतं. तोही डिझाइन दाबाने.

आता पाण्याखाली

समुद्रतळावरची यंत्रणा शिकायला थेट तिथूनच सुरुवात करू नका, असं मी आग्रहाने सांगतो. थेंब तोच आहे, भौतिकशास्त्र तेच आहे. फरक एवढाच की आता तुमचा हात तिथे पोचणार नाही. वरची ओळ पुन्हा आखा आणि प्रत्येक स्थानकाला विचारा: हे बिघडलं तर तिथे कोण जाणार, कशाने आणि किती दिवसांनी?

समुद्रतळावर ट्री, मॅनिफोल्ड, त्यांना जोडणारे छोटे पाइप म्हणजे जंपर, फ्लोलाइन, तिच्या टोकाची जोडणीची चौकट, आणि वर प्लॅटफॉर्मकडे किंवा तरंगत्या जहाजाकडे जाणारा रायझर. सोबत अंबिलिकल: एकाच दोरात गुंफलेल्या हायड्रॉलिक नळ्या, रसायनांच्या नळ्या, विजेच्या तारा आणि ऑप्टिकल फायबर. ट्रीवरच्या नियंत्रण मॉड्यूलला वरून इलेक्ट्रॉनिक संदेश जातो आणि तिथल्या तिथे हायड्रॉलिक दाब व्हॉल्व्ह उघडतो. दाब गेला की स्प्रिंग तो बंद करते. सगळा दाब वरूनच पाठवायचा जुना साधा मार्ग जवळच्या विहिरींना चालतो. अंतर वाढलं की व्हॉल्व्ह हलायला फार वेळ लागतो.

उभी ट्री की आडवी ट्री, हा मुलाखतीतला आवडता प्रश्न. उभ्या ट्रीमध्ये विहिरीतली नळी ट्रीखालच्या वेलहेडमध्ये, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या पक्क्या बैठकीत, टांगलेली असते, म्हणून नळीला हात न लावता ट्री काढता येते. आडव्या ट्रीमध्ये नळी ट्रीमध्येच टांगलेली असते, म्हणून ट्री जागेवर ठेवून नळी काढता येते, पण ट्री काढायची तर आधी नळी काढावी लागते. निवड कशावर करायची? विहिरीत वारंवार उतरावं लागणार असेल, उदाहरणार्थ तिच्यात पंप असेल, तर आडवी सोयीची.

पण खोल पाण्यातला खरा विषय हायड्रेटचा. पाण्याचे रेणू वायूच्या रेणूभोवती पिंजरा करतात आणि बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, तोही शून्याच्या बराच वर. पाइपलाइनी तुंबवणारा हा पदार्थ बर्फ नसून हायड्रेट आहे हे हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं. शुद्ध मिथेनचं हायड्रेट ४ अंशांना सुमारे ४० बारलाच तयार होतं, आणि खोल समुद्रतळाचं तापमान साधारण तेवढंच असतं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीतून सुमारे १५०० मीटर खोलीवर तेल वाहत होतं, तेव्हा ते पकडायला एक भलामोठा पोलादी घुमट खाली उतरवला. गॅस आणि थंड पाणी भेटताच घुमटात हायड्रेट दाटलं, तोंड तुंबलं आणि तो प्रयत्न सोडावा लागला.

हॅमरश्मिट यांचं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला उपयोगी पडतं. पाण्यात मिथेनॉलसारखं रसायन मिसळलं तर हायड्रेट तयार होण्याचं तापमान किती अंश सेल्सिअस खाली जाईल? १२९७ गुणिले रसायनाचं वजनी टक्केवारीतलं प्रमाण, भागिले (त्याचा रेणुभार गुणिले शंभरातून ते प्रमाण वजा). पाण्यात २५ टक्के मिथेनॉल असेल, तर १२९७ गुणिले २५ भागिले (३२ गुणिले ७५), म्हणजे साडेतेरा अंश. आता आपल्या विहिरीतून दिवसाला येणाऱ्या पाण्यावरून मिथेनॉल किती लागेल ते काढा. आकडा पाहून धक्का बसेल, आणि फ्लोलाइनला जाड उष्णतारोधक आवरण का घालतात ते लगेच पटेल. नॉर्वेच्या स्नोव्हिट क्षेत्रातून १४३ किलोमीटर लांब किनाऱ्यापर्यंत गॅस येतो, समुद्राच्या पृष्ठभागावर एकही प्लॅटफॉर्म नाही. तिथे मोनोइथिलीन ग्लायकॉल पाठवतात, किनाऱ्यावर परत मिळवतात, शुद्ध करतात आणि पुन्हा तळाशी पाठवतात.

आणखी एक गणित करा, कारण इथे भले भले चुकतात. १५०० मीटर खोलीवर फ्लोलाइनमध्ये हायड्रेट बसलं. कुणी म्हणालं, वरचा व्हॉल्व्ह उघडून दाब सोडू, हायड्रेट वितळेल. रायझर तेलाने भरलेला आहे, घनता ८५०. स्तंभाचा दाब ८५० गुणिले ९.८१ गुणिले १५००, म्हणजे १२५ बार. वर हवेचा दाब असला तरी तळाशी १२५ बार शिल्लकच आहेत आणि हायड्रेटला ४० बारही पुरतात. ते तसंच बसून राहणार. म्हणूनच खोल पाण्यात दोन फ्लोलाइनींचं वळण ठेवतात: विहिरी बंद झाल्यावर ठरलेल्या तासांच्या आत एका बाजूने गॅसविरहित तेल ढकलून विहिरीतलं गॅस असलेलं मिश्रण दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचं. ते तास म्हणजे आवरणाने सांभाळलेला थंड होण्याचा वेळ. आणि अडकलेल्या हायड्रेटच्या फक्त एका बाजूचा दाब कधीही सोडायचा नाही. सुटलेला गोळा पाइपमधून तोफेच्या गोळ्यासारखा धावतो आणि वळणावर पाइप फोडू शकतो.

यानंतर मेण, स्केल म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे थर, वाळू आणि रायझरच्या पायथ्याशी साचणारे स्लग. यासाठी काळानुसार बदलणारा प्रवाह दाखवणारं ओल्गासारखं सॉफ्टवेअर लागतं. वरची गणितं हाताने झाली असतील तर तेही लवकर जमतं.

पाण्याखालची उभारणी यार्डात शिकायला मिळते. ट्री आणि मॅनिफोल्ड समुद्रात जाण्याआधी जमिनीवर एकमेकांना जोडून पाहतात, त्याला सिस्टिम इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात. तिथे आरओव्हीच्या, म्हणजे दुरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राच्या, आकाराचा लाकडी किंवा पोलादी सांगाडा घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हसमोर धरून पाहतात: यंत्राचा हात इथे वळेल का, मूठ पकडता येईल का, गढूळ पाण्यात कॅमेऱ्यातून ही अक्षरं वाचता येतील का. जंपरची गोष्ट तर अधिकच सुंदर. मॅनिफोल्ड आणि फ्लोलाइनचं टोक तळावर टेकल्यानंतर ध्वनिलहरींनी दोन्हींमधलं अंतर आणि कोन मोजतात, मग त्या मापाचा पाइप जमिनीवर वेल्ड करून खाली नेतात. खांद्याचं माप घेऊन सदरा बेतावा तसं.

मानकं, कोर्स आणि तुमची वही

मानकं एकदम वाचायला घेऊ नका. प्रकल्पाच्या आतल्या पाइपिंगला एएसएमई बी३१.३, बाहेरच्या द्रव पाइपलाइनला बी३१.४, गॅसला बी३१.८, समुद्राखालच्या पाइपलाइनला डीएनव्हीचं एफ१०१, वेलहेड आणि ट्रीला एपीआय ६ए, समुद्रतळावरच्या ट्रीला १७डी. आपल्या ओळीवर एक मानक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तेवढं आधी खुणावून ठेवा. ती सीमा हाच भांडणाचा आणि चुकांचा बिंदू असतो. आतला मजकूर काम पडेल तसा वाचा.

कोर्स निवडताना जाहिरातीतल्या विषयांची यादी पाहू नका. तीन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः प्रकल्प सुरू करून दिलेला आहे का? हाताने सोडवायची गणितं आहेत का? शेवटी एखाद्या क्षेत्राची माहिती देऊन संपूर्ण रचना गटाने करायला लावतात का? तिसऱ्याला उत्तर नाही असेल तर पैसे वाचवा. समुद्रावर जायचं असेल तर ओपिटो या संस्थेचं बोसिएट, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेचं आणि आणीबाणीचं मूलभूत प्रशिक्षण, आधी घेऊन ठेवा. त्यात पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडायचा सराव असतो, आणि ते चार वर्षं वैध असतं. अनेकांना त्या सरावाची भीती वाटते. प्रशिक्षक पाणबुडे शेजारीच असतात. खिडकीच्या कडेवरचा हात सोडू नका, सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत पट्टा उघडू नका.

वेळापत्रक विचाराल तर माझा अंदाज असा: ओळ, एककं आणि हाताची गणितं यांना तीन महिने, नकाशे, हॅझॉप आणि यार्ड यांना सहा, पाण्याखालच्या विषयाला त्यानंतरचे नऊ. नोकरी सांभाळून हे जमतं.

एक जाड वही ठेवा. डाव्या पानावर तुमचा हिशेब, उजव्या पानावर प्रकल्प सुरू झाल्यानंतर मिळालेला खरा आकडा आणि फरकाचं कारण. पहिलं पान आज भरता येईल: कुठल्याही पी अँड आयडीवरचा एक व्हॉल्व्ह निवडा, तो बंद झाला असं धरा, आणि पुढच्या दहा मिनिटांत कुठल्या भांड्याची पातळी चढेल, कुठला अलार्म आधी वाजेल आणि कुठला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेल ते मिनिटवार लिहून काढा.